चार जोड शूज आणि नडगीचं हाड



या टेबलावर मी चार जोड शूज मांडून ठेवलेत. चारचौघांसमोर टेबलावर पायताणं मांडायची आपल्याकडे रीत नाही, तेव्हा आधीच माफी मागते. धुऊन, वाळवून आणलेत, एवढी खात्री देते. पाचवा जोड माझ्या पायात आहे, त्याच्याकडे शेवटी येऊ.

मी मूळची नांदेडची. लग्न होऊन हैदराबादला, काचीगुड्याला आले, त्याला आता पंचवीसएक वर्षं होतील. एका खाजगी कंपनीत हिशेबाचं काम बघते. खेळाचा आणि माझा संबंध शाळेत पी.टी.च्या तासापुरता, आणि तिथेही मी "बाई, पोट दुखतंय" म्हणून झाडाखाली बसणाऱ्यांतली. चाळिशीला टेकले तेव्हा, २०१४ साली, डॉक्टरांनी साखर काठावर आहे म्हणून सांगितलं आणि मी उस्मानिया विद्यापीठाच्या आवारात सकाळी चालायला जायला लागले. चालता चालता पळायला लागले. पहिल्याच आठवड्यात तिथल्या वॉचमननं हटकलं, "क्या मॅडम, कौन पीछे पड़ा?" खरं सांगायचं तर चाळिशी पाठीमागे लागली होती.

आता परिस्थिती अशी आहे की नात्यातलं, ऑफिसातलं, सोसायटीतलं कुणी धावायला लागलं की मला फोन येतो. प्रश्न एकच असतो. "कोणते शूज घेऊ?" त्या प्रश्नाचं उत्तर मला कळायला चार जोड शूज आणि एक हाड लागलं. तो हिशेब आज तुमच्यासमोर मांडते.

हा पहिला जोड. गुलाबी. सेलमध्ये घेतला, रंग आवडला म्हणून. ऑफिसच्या सँडलचा नंबर पाच, म्हणून शूजही पाच नंबरचेच. दुकानात बसूनच पाय घातला, "बरोबर आहे" म्हटलं आणि बिल केलं. तीन महिन्यांत दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली आणि गळून गेली. सासूबाई म्हणाल्या, "अगं, दगडावर आपटलीस का?" म्हटलं, नाही, पैसे देऊन विकत आणलंय.

तर शूजच्या मापाबद्दल मला कळलेल्या गोष्टी सांगते. यात विज्ञान कमी आणि व्यवहार जास्त आहे. शूज घ्यायला संध्याकाळी जा. दिवसभर उभं राहून, चालून पाय थोडा सुजलेला असतो, आणि धावताना तो तसाच सुजतो. धावताना जे मोजे घालणार तेच घालून जा. माप उभं राहून बघा, कारण अंगाचा भार पडला की पाऊल पसरतं. सगळ्यात लांब बोटाच्या पुढे हाताच्या अंगठ्याएवढी जागा मोकळी हवी. हे लांब बोट दरवेळी अंगठाच असेल असं नाही, पुष्कळांचं दुसरं बोट लांब असतं. दोन्ही पाय घालून बघा, कारण पावलं जुळी असली तरी एकसारखी नसतात, आणि माप मोठ्या पावलाचं घ्यायचं. उतारावर बोटं पुढे जाऊन आपटली नाहीत म्हणजे लांबी बरोबर.

दुसरी गोष्ट रुंदी. आपण जन्मभर चपला घातलेली माणसं. पुष्कळांचा चवडा पसरट असतो. चवड्याला शूज आवळत असेल तर "घालून घालून सैल होईल" या भरवशावर घेऊ नका. चामड्याची कोल्हापुरी पायाला होते, तसे हे होत नाहीत. बऱ्याच कंपन्या रुंद माप काढतात, पुरुषांमध्ये त्याला टू-ई म्हणतात. दुकानात नसलं तर मागवून देतात. टाच मात्र घट्ट बसली पाहिजे. टाच वर-खाली होत असेल तर लेससाठी घोट्याजवळ एक जास्तीचं भोक असतं ना, जे आपण कधी वापरत नाही, ते त्यासाठीच असतं. आणि दुकानात पळून बघा. लाजू नका. पाच हजार रुपये आपले जाणार आहेत.

मी पुढचा जोड एक नंबर मोठा घेतला, आणि काळ्या नखांचा विषय तिथे संपला. गंमत म्हणजे सगळ्या दुखण्यांमध्ये शूज बदलून पूर्ण बरं झालेलं माझं हे एकच दुखणं.

आता हा दुसरा जोड. निळा. वजन बघा उचलून, विटेसारखा आहे. याची कहाणी अशी की २०१५ मध्ये मी हैदराबादच्या हाफ मॅरेथॉनमध्ये नाव घातलं. २१ किलोमीटर. आठवड्याला १५ किलोमीटर पळणारी मी, दीड महिन्यात ३५ वर गेले. उजव्या गुडघ्याच्या वाटीच्या मागे दुखायला लागलं. जिना चढताना कमी, उतरताना जास्त. सिनेमाला दोन तास बसून उठलं की "आई गं". याला धावणाऱ्यांचा गुडघाच म्हणतात, इतकं ते सर्रास होतं.

मी गेले एका मोठ्या दुकानात. तिथे मला मशिनवर पळवलं, मागून व्हिडिओ घेतला आणि स्क्रीनवर दाखवलं की मॅडम, तुमचा पाय आत झुकतो. आतल्या बाजूला टणक आधार असलेले हे शूज घ्या. स्क्रीनवर स्वतःचा वाकडा घोटा बघितल्यावर माणूस घाबरतो. मी दुप्पट पैसे मोजले.

पाय आत झुकणं हा दोष नाही, हे मला फार उशिरा कळलं. पाऊल टेकलं की ते थोडं आत वळतं, आणि धक्का शोषून घ्यायची शरीराची ती रीतच आहे. कुणाचं कमी वळतं, कुणाचं जास्त. अमेरिकेत लष्कराच्या तीन दलांच्या भरती प्रशिक्षणात हे तपासून पाहिलंय. काही रंगरुटांना पावलाच्या आकारानुसार शूज दिले, म्हणजे सपाट पायाला एक प्रकार, उंच कमानीला दुसरा, आणि बाकीच्यांना सरसकट एकच प्रकार. दुखापतींत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. पावलांच्या हालचालींवर आयुष्यभर काम केलेले कॅनडातले शास्त्रज्ञ बेन्नो निग यांचं म्हणणं थोडक्यात असं की पायाला जे आरामदायी वाटतं ते निवडा, शरीराला आपली वाट कळते.

मग माझा गुडघा बरा कसा झाला? निळ्या शूजनी नाही. मी आमच्या फिजिओकडे गेले. ती तेलुगू, मी मराठी, बोलणं हिंदीत. तिनं शूजकडे बघितलंसुद्धा नाही. वही मागितली. मी हिशेबवाली, त्यामुळे रोजचं अंतर लिहिलेलं होतं. तिनं दीड महिन्याची बेरीज केली, १५ वर बोट ठेवलं, ३५ वर बोट ठेवलं आणि म्हणाली, "दुखणं इथे आहे." अंतर पुन्हा २० वर आणलं, मांड्यांचे आणि खुब्याचे व्यायाम दिले, आणि पावलं थोडी आखूड टाकायला सांगितली. त्याच वेगात मिनिटाला पाच ते दहा टक्के जास्त पावलं टाकली की गुडघ्यावरचा भार कमी होतो. हे फुकट आहे, शूज बदलावे लागत नाहीत. आठ आठवड्यांत जिना सरळ उतरायला लागले. हाफ मॅरेथॉन त्या वर्षी नाही, पुढच्या वर्षी केली.

तिसरा जोड. हे बघा, हातात घेऊन असे गुंडाळता येतात, पोळीसारखे. तळ पातळ, टाच आणि चवडा एकाच पातळीवर.

हे घेतले त्यामागे माझं वाचन होतं. शंभर वर्षांपूर्वी पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत गावाकडची माणसं अनवाणी धावताना पाहून सर दोराबजी टाटांच्या मनात आलं की आपला संघ ऑलिम्पिकला पाठवावा. १९२० साली अँटवर्पला तो गेला, आणि बेळगावच्या फडेप्पा चौगुल्यांनी तिथे मॅरेथॉन पुरी केली, २ तास ५० मिनिटांत, एकोणिसाव्या क्रमांकावर. १९६० मध्ये रोमला इथिओपियाचा अबेबे बिकिला अनवाणी धावून सुवर्णपदक घेऊन गेला. आपले शिवनाथ सिंह कितीतरी शर्यती अनवाणी धावले. १९७८ मध्ये जालंधरला त्यांनी २ तास १२ मिनिटांची वेळ दिली आणि पुढे कित्येक दशकं कुणा भारतीयाला ती मोडता आली नाही. हे सगळं वाचून मला वाटलं, झालं, शूज हाच सगळ्या भानगडीचा उगम.

पंधरा दिवसांत मी जाड तळाच्या शूजवरून या पोळीवर आले. तिसऱ्या आठवड्यात सकाळी अंथरुणातून उठले तर पहिली दहा पावलं भिंत धरून टाकायला लागली. टाचेच्या वरची जी जाड शीर असते, अकिलीस टेंडन, ती दोरखंडासारखी ताठ झाली होती.

माझी चूक कुठे झाली? बिकिला आणि शिवनाथ सिंह लहानपणापासून अनवाणी चालले, धावले. त्यांच्या पोटऱ्यांनी ते काम वर्षानुवर्षं केलं होतं. माझ्या पोटऱ्या खुर्चीखाली वाढलेल्या. आणि मी सोयीस्करपणे विसरलेली आणखी एक गोष्ट. तोच बिकिला १९६४ साली टोकियोत शूज घालून धावला, पुन्हा जिंकला, आणि रोमपेक्षा तीन मिनिटं कमी वेळात.

इथे शूजची एक तांत्रिक गोष्ट समजून घेऊ, कारण ती दुखणाऱ्या माणसाच्या खरोखर उपयोगाची आहे. शूजची टाच चवड्यापेक्षा किती उंच आहे, त्याला ड्रॉप म्हणतात. तो शून्यापासून बारा मिलिमीटरपर्यंत असतो, नेहमीच्या शूजमध्ये आठ ते दहा. टाच खाली आली, म्हणजे ड्रॉप कमी झाला, की काम पोटरीवर आणि अकिलीसवर जातं. टाच उंच असली की पोटरीला सुख मिळतं आणि भार गुडघ्याकडे सरकतो. म्हणजे शूज भार नाहीसा करत नाहीत, इथून उचलून तिथे ठेवतात. खतावणीत एका खात्यातली रक्कम दुसऱ्या खात्यात टाकली म्हणून एकूण बेरीज बदलत नाही, तसंच. त्यामुळे ज्याचा गुडघा कुरकुरतो त्याला थोडा कमी ड्रॉप सोसेल, ज्याची अकिलीस दुखते त्याला जास्त ड्रॉप बरा पडेल. पण कुठलाही बदल करायचा तर आठवड्यातल्या एका छोट्या धावण्यापासून सुरुवात करून दोन-तीन महिन्यांत करायचा.

अकिलीससाठी फिजिओनं जुना, नावाजलेला व्यायाम दिला. स्वीडनमध्ये आल्फ्रेडसन नावाच्या सर्जननं तो १९९८ मध्ये मांडला. पायरीच्या कडेवर चवड्यावर उभं राहायचं, दुखऱ्या पायानं टाच सावकाश खाली सोडायची आणि चांगल्या पायाच्या जोरावर वर यायचं. एकदा गुडघा सरळ ठेवून पंधरा-पंधराचे तीन फेरे, एकदा किंचित वाकवून तीन फेरे. दिवसातून दोनदा, बारा आठवडे. मी भाजी शिजेपर्यंत जिन्यात उभी राहून करायचे. कंटाळवाणं आहे, पण काम करतं. बारा आठवडे म्हणजे बारा, चौथ्या आठवड्यात "काही फरक नाही" म्हणून सोडायचं नाही.

आता हा चौथा जोड. याचा तळ बघा, जवळजवळ नवा आहे. जाड, गादीसारखा मऊ. हा २०१७ साली घेतला, ऑगस्टमधल्या हैदराबादच्या पूर्ण मॅरेथॉनसाठी. ४२ किलोमीटर १९५ मीटर. नेकलेस रोडवरून निघायचं आणि एकामागून एक फ्लायओव्हर चढत-उतरत गच्चीबावलीच्या स्टेडियममध्ये संपवायचं. या जोडावर मी एकदाच धावले.

ती जुलै आठवा. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला. इथे हिशेबाचं काम करणारं कुणी असेल तर त्याला पुढचं सांगायला नको. रात्री दहा-अकराला घरी, सकाळी साडेचारला उठून धावायला. पाच तास झोप. त्याच आठवड्यात आषाढी एकादशी आली, चातुर्मास लागला. आमच्याकडे सासूबाई चातुर्मासात एकभुक्त राहायच्या. त्या गेल्यावर मी ते सुरू ठेवलं होतं, त्यांची आठवण म्हणून. आणि आठवड्याचं अंतर मेच्या अखेरीस ३५ होतं ते जुलैच्या अखेरीस ६२ वर नेलं होतं, त्यातले ३० एकट्या रविवारी.

व्रताला मी नावं ठेवत नाही, नोकरीलाही नाही आणि धावण्यालाही नाही. या तिन्ही गोष्टी मी एकाच महिन्यात, एकाच शरीराच्या नावावर टाकल्या, चूक ती होती.

जुलैच्या शेवटी डाव्या नडगीच्या आतल्या बाजूला दुखायला लागलं. आधी वाटलं, नेहमीचं नडगीचं दुखणं, पुष्कळांना होतं. ते दुखणं नडगीच्या खालच्या भागात चार बोटं, वीतभर असं पसरलेलं असतं, आणि बरेचदा धावून अंग गरम झालं की कमी होतं. माझं तसं नव्हतं. मला दुखरी जागा एका बोटानं दाखवता येत होती, रुपयाच्या नाण्याएवढी. धावताना ते वाढत जायचं. आणि रात्री अंथरुणावर पडल्यावरही ठणकायचं. ही तीन लक्षणं मी मुद्दाम सावकाश सांगतेय, कारण मला ती कुणी सांगितली नव्हती. एका बोटानं दाखवता येणारी जागा, धावताना वाढत जाणारी कळ, आणि रात्रीचा ठणका. यातलं काहीही असेल तर धावणं त्या दिवशी बंद आणि डॉक्टरकडे.

मी काय केलं? नवे मऊ शूज घेतले आणि रविवारी वेदनाशामक गोळी खाऊन ३० किलोमीटर धावले. लांब धावण्याआधी त्या गोळ्या घेऊच नयेत. घामानं पाणी कमी झालेलं असताना त्या मूत्रपिंडावर ताण आणतात. शिवाय थांब म्हणून सांगणारा शरीराचा एकमेव आवाज त्या बंद करतात. पंचविसाव्या किलोमीटरला गोळीच्याही वरून कळ आली. शेवटचे पाच मी लंगडत केले. मुलीनं दार उघडलं आणि नुसतं बघत राहिली. म्हणाली, "आई, तू कुणाला दाखवतेयस हे?"

एक्स-रे स्वच्छ आला. मला वाटलं, सुटले. पण हाडाला ताणानं पडलेली बारीक चीर सुरुवातीला एक्स-रेमध्ये पुष्कळदा दिसतच नाही. एमआरआयमध्ये दिसली. नडगीच्या हाडाला चीर. सहा आठवडे पायाला टणक बूट आणि धावणं बंद.

डॉक्टर बाईंनी मग असे प्रश्न विचारले जे आजवर कुठल्याही शूजच्या दुकानात कुणी विचारले नव्हते. किती झोपता? किती वेळा जेवता? पाळी नियमित आहे का? चार महिने नव्हती. मी त्रेचाळीस वर्षांची, वाटलं वय झालं. त्या म्हणाल्या, वयाचं नंतर बघू, आधी हे ऐका. धावण्यात जेवढं खर्च होतं तेवढं पोटात जात नसेल तर शरीर काटकसर सुरू करतं, आणि पहिली कात्री लावतं ती पाळीला आणि हाडांच्या डागडुजीला. ड जीवनसत्त्व तपासलं, तेही खाली. हैदराबादच्या उन्हात राहून! पण मी सूर्य उगवायच्या आत धावायचे आणि मावळल्यावर ऑफिसातून निघायचे.

हाडाबद्दल त्यांनी जे समजावलं त्यानं माझं धावणं बदललं. हाड म्हणजे दगड नाही, ते जिवंत असतं. त्याच्यावर ताण आला की शरीर आधी झिजलेला भाग खरवडून काढतं आणि मग तिथे नवं भरतं. या दोन्हींच्या मध्ये काही आठवडे जातात, आणि तेवढे दिवस ती जागा आधीपेक्षा कमजोर असते. दम सुधारायला चार-सहा आठवडे पुरतात. स्नायूंना थोडे जास्त लागतात. शिरा आणि हाडं मात्र महिन्यांच्या हिशेबानं चालतात. म्हणून सगळ्यात धोक्याची वेळ ती, जेव्हा आपल्याला एकदम छान वाटायला लागतं. दम म्हणतो, अजून पळ. हाड अजून मागच्या महिन्याच्या कामातून बाहेर आलेलं नसतं. आणि हाडाला धावताना बोलता येत नाही, ते एकदम तुटूनच बोलतं.

मॅरेथॉनच्या दिवशी मी टणक बूट घालून एका फ्लायओव्हरच्या तोंडाशी पाण्याचे ग्लास देत उभी होते. रडले नाही असं म्हणणार नाही.

त्यानंतर मी कसं धावते ते सांगते. ही माझी रीत आहे. तुमच्या अंगाला जमेल ती घ्या, दुखत असेल तर आधी डॉक्टरला विचारा.

परत सुरुवात केली ती चालण्यानं. अर्धा-पाऊण तास अजिबात न दुखता चालता आल्यावर एक मिनिट पळायचं, चार मिनिटं चालायचं, असं सहा वेळा. दिवसाआड. दर आठवड्याला थोडं पळणं वाढवायचं.

आठवड्यात चारच दिवस धावते. त्यातले तीन इतके सावकाश की शेजारच्याशी पूर्ण वाक्यं बोलता यावीत. वाक्य तुटायला लागलं म्हणजे वेग जास्त. दोन दिवस घरीच ताकदीचे व्यायाम, अर्धा-अर्धा तास. एका पायावर टाचा उचलणं, उठाबशा, पाठीवर पडून कंबर उचलणं, पायरी चढणं-उतरणं. पाठीला पुस्तकं भरलेली सॅक लावून करते, जिमची फी वाचते.

अंतर किती वाढवायचं? आठवड्याला दहा टक्के असा नियम सगळीकडे सांगतात. नेदरलँड्समध्ये नवशिक्यांवर तो तपासला, तर तो पाळणाऱ्यांना आणि थोडं जास्त वेगानं वाढवणाऱ्यांना दुखापती सारख्याच झाल्या. म्हणजे आकडा पवित्र नाही. मी तीन आठवडे वाढवते, चौथ्या आठवड्यात पाव भाग कमी करते, आणि एका वेळी एकच गोष्ट वाढवते. अंतर वाढवलं तर वेग नाही, चढ घेतला तर अंतर नाही. ऑफिसात मार्च किंवा जुलै असेल तर काहीच वाढवत नाही. एकभुक्त सोडलं. त्याऐवजी चातुर्मासात सासूबाईंच्या नावानं दुसऱ्या कुणाला जेवू घालते. मला वाटतं त्यांना हे जास्त आवडलं असतं.

दुखण्याला मी दहापैकी गुण देते. तीनपर्यंत असेल, धावताना वाढत नसेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गेलेलं असेल तर चालू. चार-पाच असेल किंवा सकाळी जास्त ताठर वाटत असेल तर अंतर कमी. लंगडायला लागले, सूज आली किंवा हाडावर एका बोटाची जागा दुखली तर बंद. यात मी स्वतःशी वाटाघाटी करत नाही, कारण वाटाघाटीत मी नेहमी जिंकते आणि पाय हरतो.

या नियमाची परीक्षा लगेचच झाली. जानेवारी २०१९ च्या मुंबई मॅरेथॉनसाठी नाव घातलं होतं. तिकीट काढलेलं, दादरला नणंदेकडे उतरायचं ठरलेलं. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात त्याच नडगीला, त्याच जागी, हलकं दुखलं. तिसऱ्या किलोमीटरला. मी थांबले आणि रिक्षानं घरी आले. एमआरआयमध्ये हाडाला आतून थोडी सूज होती, चीर नव्हती. डॉक्टर म्हणाल्या, एक आठवडा आणखी पळाला असतात तर पुन्हा बूट होता. मॅरेथॉन सोडली. नणंदेकडे गेलेच, रस्त्याच्या कडेला उभं राहून टाळ्या वाजवल्या, आणि या खेपेला रडले नाही. धावण्यातली माझी सगळ्यात मोठी कमाई कुठली म्हणाल तर ते रिक्षाचे साठ रुपये.

जानेवारी २०२० ला पळाले. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून अंधारात निघालो, सी-लिंकवर उजाडलं, आणि परतीला पेडर रोडचा चढ, तोही ३५ किलोमीटर पायांत असताना. तो मी चालत चढले. ५ तास २१ मिनिटं. दुखणं दहापैकी दोन.

पायात कोणते शूज होते? हेच, या पाचव्या जोडाचे थोरले भाऊ. साधे, मध्यम जाडीचे, आठ मिलिमीटर ड्रॉप, मागच्या वर्षीचं मॉडेल म्हणून स्वस्तात मिळालेले. दुकानात तीन जोड घालून पळाले, आणि ज्यात पायाकडे लक्षच गेलं नाही, ते घेतले.

तर आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. जे पायाला आरामदायी, मापात बसणारे आणि खिशाला झेपणारे आहेत, ते घ्या. जमलं तर दोन वेगळ्या प्रकारचे जोड आलटून-पालटून वापरा, म्हणजे रोज त्याच जागेवर तोच भार येत नाही. पावसाळ्यात ते सोयीचंही पडतं, एक जोड वर्तमानपत्राचे बोळे कोंबून वाळत असतो तोवर दुसरा घालता येतो. पाचशे ते आठशे किलोमीटर झाले की तळाकडे लक्ष द्या. कार्बन पट्टीचे महागडे शूज वेग देतात हे खरं, पण त्यांची घाई करू नका. पायाला त्यांचीही सवय व्हावी लागते. आणि एखादा जोड मानवला असेल तर केवळ नवं मॉडेल आलं म्हणून बदलू नका.

पण शूजवर खर्च केलेल्या प्रत्येक तासामागे एक तास आपल्या वहीवर घाला. या आठवड्यात किती धावलो, मागच्या महिन्यात किती, झोप किती, जेवण किती. दुखणं बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

हे चार जोड मी इथेच ठेवून जाते. कार्यक्रम संपल्यावर या, हातात घेऊन बघा, वाकवून बघा. प्रश्न असतील तर विचारा. पण विचारण्याआधी तुमची वही दाखवा.